बारीक अक्षरेही वाचा!

बालमित्रांनो,

मृग लागायला आठ-दहा दिवस असतील. आर्णीच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानांपुढे कास्तकारांची गर्दी सुरू झाली होती. मी घरी पंख्याखाली पेपर वाचत बसलो होतो. एवढ्यात फाटक वाजले. बघतो तर माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि मागे तिचे बाबा. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, काखेत एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका.

"सर, बारावी झाली! त्र्याऐंशी टक्के!"

पोरगी हुशारच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातली पऱ्हाटी पोखरून काढली, तेव्हा ही चौथीत माझ्या वर्गात होती. एके दिवशी काडेपेटीत बोंडअळी घालून ती शाळेत आली आणि म्हणाली, "सर, ही आतमध्ये कशी शिरते? बाहेरून तर बोंड चांगलं दिसते!" मला उत्तर येत नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून ते कृषी सहायकांना विचारले. तेव्हापासून हिला किड्यांचे वेड.

पेढा तोंडात टाकला आणि ती पुस्तिका माझ्यापुढे आली. वर मोठ्या अक्षरांत 'अमेरिकन विद्यापीठ', खाली हिरवळ, काचेची इमारत, हसणारी मुले-मुली. एका मोठ्या शहरातल्या एजंटाने ती दिली होती. शेवटच्या पाच जागा उरल्या आहेत, पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरा, असा त्याचा निरोप.

तिचे बाबा इतका वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "सर, तुमी सांगसान तसं करतो. दोन एकर वावर काढून टाकतो. पन पोरगी फसाले नाही पायजे."

दोस्तांनो, त्यांच्याकडे सगळे मिळून चारच एकर. पेढा माझ्या घशातच अडकला.

मी पुस्तिका चाळली आणि म्हणालो, "थोडं थांबू या का?" तशी तिचे डोळे भरून आले. "सर, तुम्हीच तर सांगायचे ना, आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या म्हणून! आणि आता मी जातो म्हणते तर थांब म्हणता?"

काय उत्तर देणार? दरवर्षी चौथीच्या वर्गाला मी आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना माझा आवाजही चढतो. त्या रात्री मी ती गोष्ट पुन्हा काढून वाचली, आणि मला माझी चूक सापडली. मी गोष्ट अर्धीच सांगत होतो!

अर्धी राहिलेली गोष्ट

आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, न्यूयॉर्कला पोचल्या, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. एवढे मी सांगत असे. पण निघण्याआधी काय झाले, ते राहून जात होते.

निघण्यापूर्वी फेब्रुवारी महिन्यात बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाईंनी एक जाहीर भाषण केले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. लोक त्यांना नाना प्रश्न विचारत होते. त्यांतले सहा प्रश्न आनंदीबाईंनी घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले. मी अमेरिकेलाच का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तिथे संकट आले तर काय करीन? आणि जे कोणी बाई करत नाही ते मीच का करावे?

बघा बरे! त्या नुसत्या धाडसी नव्हत्या. धाडसाआधी त्यांनी हिशेब मांडला होता. महाविद्यालयही कसे निवडले? १८५० साली खास स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच निघालेले. तिथे ओळखीचे कोण? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. त्यांची आणि आनंदीबाईंची बोटीत बसण्याच्या कितीतरी आधीपासून पत्रापत्री होती. म्हणजे उतरल्यावर हात धरणारे माणूस होते.

आणि गोष्टीचा शेवटही मी घाईने उरकत असे. तिथली थंडी, खाण्याचे हाल, क्षयाचे दुखणे. डॉक्टर होऊन परत आलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची बाविशीही पुरी झाली नव्हती. तेव्हा "संकट आले तर?" हा प्रश्न काही भित्र्या माणसाचा नाही. तो सगळ्यांनी विचारायचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी बापलेकीला पुन्हा बोलावले. म्हटले, "जाऊ नको असं मी म्हणत नाही. आपणही आनंदीबाईंसारखे प्रश्न मांडू. उत्तरं पटली तर मीच तुला नागपूरच्या विमानतळावर सोडायला येईन."

अमेरिकन पद्धत म्हणजे काय रे भाऊ?

पहिला प्रश्न तिच्या बाबांचाच होता. "सर, हे अमेरिकन पद्धत अमेरिकन पद्धत म्हंतेत, ते काय असते?"

मी म्हटले, लग्नातली पंगत आठवा. ताटात काय पडणार हे वाढप्यांनी ठरवलेले. आपल्याकडच्या पदवीचे बरीच वर्षे तसेच होते. बी.एस्सी. घेतली की ठरलेले विषय, वर्षाच्या शेवटी ठरलेली परीक्षा. अमेरिकेतला प्रकार बुफेसारखा. पदवी साधारण चार वर्षांची. पहिल्या एक-दोन वर्षांत विज्ञान, इतिहास, भाषा, गणित असे थोडे थोडे सगळे घ्यायचे, मग एक मुख्य विषय पक्का करायचा. प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. तेवढे जमले की पदवी. गुणही एकाच परीक्षेवर नाहीत. गृहपाठ, निबंध, प्रयोग, वर्गातली चर्चा, सगळे मोजतात. वर्षातल्या सत्रांना सेमिस्टर म्हणतात.

या बुफेचा पुरेपूर फायदा घेतलेला आपला माणूस कोण, ठाऊक आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्यांनी तिथे घेतलेल्या विषयांची यादीच आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा एकेक. बेरीज करा पाहू! बरोबर, ६०! १९१५ साली ते एम.ए. झाले. मानववंशशास्त्राच्या वर्गासाठी त्यांनी मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तो आजही जगभर अभ्यासतात. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण नाव झाले ते मानववंशशास्त्राच्या निबंधाने. हीच त्या पद्धतीची गंमत.

पण दोस्तांनो, इथेही बारीक अक्षरे आहेत. बाबासाहेब पहिल्या पदवीसाठी गेले नव्हते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. होऊन मग गेले. आणि पैसा? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार. किती पैसे मिळणार, किती दिवस मिळणार आणि त्याबद्दल काय द्यावे लागणार, हे बोटीत बसण्याआधीच कागदावर आले होते.

नावात अमेरिका, पण सही कोणाची?

दुसरा प्रश्न मान्यतेचा. पुस्तिका उलटीपालटी करताना पोरीच्याच लक्षात आले. "सर, हे तर अमेरिकेत नाहीच! तिसऱ्याच देशात आहे."

आता, अमेरिकेबाहेर अमेरिकन पद्धतीचे विद्यापीठ असणे यात काही खोटे नाही हं. लेबनॉनमधल्या बैरूतचे अमेरिकन विद्यापीठ १८६६ सालचे आहे. इजिप्तमध्ये कैरोचे अमेरिकन विद्यापीठ १९१९ मध्ये निघाले. आखातात शारजाचे अमेरिकन विद्यापीठ १९९७ मध्ये सुरू झाले. तिथे शिकवणे इंग्रजीत, पद्धत अमेरिकेची. आणि या तिघांना अमेरिकेतल्याच एका जुन्या मान्यता मंडळाने तपासून मान्यता दिलेली आहे.

खरी मेख इथेच. 'अमेरिकन' हा शब्द इमारतीवर रंगवायला रंगाचा एक डबा पुरतो. मान्यता मिळवायला वर्षानुवर्षे तपासणी करून घ्यावी लागते. कोणत्या मान्यता मंडळावर विश्वास ठेवायचा याची यादी अमेरिकेचे शिक्षण खाते ठेवते, ती इंटरनेटवर फुकट बघता येते. विद्यापीठ दुसऱ्या देशात असेल तर त्या देशाच्या सरकारची मान्यताही बघायची. आणि ती पदवी घेऊन आपल्याकडे पुढे शिकायचे असेल, तर समकक्षतेचे प्रमाणपत्र लागते. हे काम अनेक वर्षे भारतीय विद्यापीठ संघ करत आला. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही त्याचे नियम काढले. त्यातली मुख्य अट सोपी आहे. ती संस्था तिच्या स्वतःच्या देशात रीतसर मान्यता असलेली हवी.

हे सगळे सांगताना मला माझीच गोष्ट आठवली. डी.एड. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मी एका 'आंतरराष्ट्रीय' नावाच्या संस्थेची संगणक पदविका केली होती. आईने त्यासाठी बांगडी मोडली. प्रमाणपत्र मोठे झोकदार, सोनेरी शिक्क्याचे! अर्ज करताना कळले, त्या शिक्क्याला कुठेच किंमत नाही. ते प्रमाणपत्र अजून माझ्या पेटीत आहे. त्या दिवशी ते काढून मी पोरीला दाखवले. पहिल्यांदाच कोणाला तरी दाखवले. मास्तरही फसतो, हे विद्यार्थ्याला कळलेले बरे.

मग आम्ही विद्यापीठालाच ई-मेल लिहिला. तिनेच इंग्रजीत लिहिला, मी फक्त स्पेलिंगे बघितली. चार प्रश्न : तुम्हाला मान्यता कोणाची? चारही वर्षांचा सगळा खर्च किती? मधेच सोडावे लागले तर किती पैसे परत? कीटकशास्त्र शिकवता का?

चौथ्या दिवशी उत्तर आले. मान्यतेची "प्रक्रिया सुरू आहे". परत काही मिळणार नाही. आणि कीटकशास्त्राचा विभाग नाही!

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगतो. अमेरिकेत वर्ष ऑगस्टच्या सुमारास सुरू होते, पण त्याचे अर्ज पुष्कळ नामवंत विद्यापीठे साधारण जानेवारीच्या सुरुवातीलाच बंद करतात. तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस कोणी "शेवटच्या पाच जागा, लवकर करा" म्हणत दारी आला, तर आपण आणखी सावकाश व्हायचे.

पैशाचे गणित

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठी. अमेरिकेतल्या अनेक खासगी विद्यापीठांत नुसती शिकवणीची फी वर्षाला ४०,००० डॉलरच्या वर असते. एक डॉलर नुसता ८० रुपयांचा धरला तरी ३२ लाख रुपये होतात. राहणे, जेवण, विमा, विमान वेगळे. आणि हे चारपैकी एका वर्षाचे. पहिल्या हप्त्यापुरते वावर विकले तर दुसऱ्या हप्त्याला काय विकायचे? "तिकडे काम करून भागेल," असे एजंट म्हणतात. पण अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर शिकण्याच्या दिवसांत विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. त्यातून हातखर्च निघेल, फी निघणार नाही.

मग गरिबाच्या पोराने जायचेच नाही का? जायचे! हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी थोडी विद्यापीठे अशी आहेत, की परदेशी मुलाचीही ऐपत न बघता निवड करतात आणि निवडले तर गरजेइतकी मदत देतात. निवड फार कठीण असते, पण दार उघडे आहे. तयारी मात्र नववी-दहावीपासून हवी.

दुसरा रस्ता बाबासाहेबांचा. पहिली पदवी इथे, पुढची तिथे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तीही पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठीच मिळते. इतर समाजघटकांसाठीही सरकारच्या अशा योजना आहेत. शिवाय विज्ञानाच्या आणि शेतीच्या विषयांत पीएच.डी.ला, कधी एम.एस.लाही, विद्यापीठच संशोधनाच्या कामावर घेते, फी माफ करते आणि वर महिन्याचा पगार देते. वावर विकायचे काम नाही!

अमेरिकन विद्यापीठ अकोल्यात!

आता शेवटचा प्रश्न, आनंदीबाईंचाच. इथे शिकण्याची सोय नाही का?

१८६२ साली अमेरिकेत अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची आणि तिच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारे महाविद्यालय काढायचे. शेतकऱ्याच्या मुलांनी शिकावे, हा हेतू. पुढे तिथेच संशोधनही होऊ लागले आणि ते बांधापर्यंत पोचू लागले. आपल्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अशाच महाविद्यालयांत शिकले, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत. ते गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले आणि मका व गव्हावर त्यांनी मोठे काम केले. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले आहे. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर!

हाच नमुना पुढे आपल्या देशाने घेतला. १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले, तेही अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. आणि १९६९ साली त्याच धर्तीवर निघाले आपले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. चार वर्षांची पदवी, सेमिस्टर, क्रेडिट, शिक्षणाबरोबर संशोधन आणि विस्तार. सगळे तेच! कीटकशास्त्राचा विभागही आहे. आर्णीहून सकाळी निघाले तर दुपारी तिथे जेवता येते.

आणि चार वर्षांची पदवी का महत्त्वाची? अमेरिकेत पदवी चार वर्षांची असल्यामुळे तिथली पुष्कळ विद्यापीठे पुढच्या शिक्षणासाठी चार वर्षांचीच पदवी मागतात. म्हणजे अकोल्याहून अमेरिकेचा रस्ता बंद होत नाही, उलट सरळ होतो.

पोरगी बराच वेळ गप्प बसली. मग तिने पुस्तिका मिटली. "सर, म्हणजे मी जाणारच. पण चार वर्षांनी. आणि बाबांचं वावर न विकता."

तिचे बाबा काही बोलले नाहीत. खिशातला सातबाराचा कागद त्यांनी चाचपून पाहिला, घडी नीट केली आणि परत आत ठेवला. जाता जाता म्हणाले, "चला सर, पेरनीचं पाहा लागते."

मी खोटे सांगणार नाही, तिचा चेहरा उतरलेला होता. विमानाऐवजी एसटी म्हटले की कोणाचाही उतरेल. सीईटी तिने दिलेलीच आहे, आता ती अकोल्याच्या यादीची वाट पाहते आहे. आणि रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचते. परदेशी प्रवेशासाठी टोफेलसारखी परीक्षा लागते, तिच्यात वाचणे, ऐकणे, बोलणे, लिहिणे चारही बघतात. मराठी शाळेतल्या मुलांना त्यात बोलणे जड जाते. शहाणी पोर, चार वर्षे आधीच लागली कामाला!

तर दोस्तांनो, मोठी स्वप्ने जरूर पाहा. मी वर्गात यापुढेही आवाज चढवून आनंदीबाईंची गोष्ट सांगणार आहे. फक्त आता ते सहा प्रश्नही फळ्यावर लिहीन.

या आठवड्याचा उद्योग : घरात आलेली कोणतीही एक जाहिरात घ्या. शाळेची, क्लासची, बियाण्याची, कशाचीही. मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे ते वहीच्या डाव्या पानावर लिहा, बारीक अक्षरांत काय आहे ते उजव्या पानावर. जे कुठेच लिहिलेले नाही, त्याचे तीन प्रश्न तयार करा आणि आई-बाबांना वाचून दाखवा.

भेटू या पुढच्या आठवड्यात!

तुमचे,
आर्णीचे गुरुजी